मागे ठेवलेले गजरे

परवा इतवारी बाजारात मोगऱ्याचे गजरे घेतले आणि वासासरशी वीस वर्षं मागे गेलो. तेव्हा मी विमान चालवायला शिकत होतो. गोंदियाहून नागपूरला परतत होतो. शेजारी शिकवणाऱ्या मॅडम, मागे त्यांचं गजऱ्यांचं पुडकं. आमच्या इवल्याशा विमानात पेट्रोल आणि मोगरा एकत्र दरवळत होता.

कामठीच्या अलीकडे काळाकभिन्न ढग उभा होता. त्याच्या पोटात विजा लखलखत होत्या.

"दहा मिनिटांचं तर काम आहे मॅडम, घुसू या," मी म्हणालो.

"ह्या ढगात आपल्या विमानाचा पतंग होते गा. मांगं फिरव."

मी वळवलं. मनात म्हटलं, बाई घाबरली.

गोंदियाला उतरताच त्यांनी घरी फोन लावला. "साखरपुडा उरकून घ्या. पोरीले म्हणा, माही वाट पाहू नको." मग शांतपणे गजऱ्यांवर पाणी शिंपडत बसल्या. मला मान वर करवेना.

सकाळी नागपूरला उतरलो, तर गारांनी हँगरच्या पत्र्यांची चाळण झाली होती. मॅडमनी पुडक्यातला एक कोमेजलेला गजरा काढून माझ्या हातात ठेवला.

"तुह्या मायले दे. तिचं पोरगं घरी आलं."