वडिलांदेखत

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाचा दुष्काळ. पेरण्या बुडाल्या होत्या, म्हणून लेकरांचे बाप घरी सापडले. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका; उदगीरकडच्या एका गावात अंगणवाडीत त्यांची बैठक घेतली. बाप खेळला-बोलला की लेकरू लवकर बोलतं, एवढंच सांगायचं होतं.

"आपापलं लेकरू मांडीवर घ्या," म्हटलं, तर सगळे जमिनीकडे बघू लागले. वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचं लेकरू घ्यायचं नाही, अशी तिथली रीत.

दाराशी एक मिशीवाला गडी होता. त्याची दीड-दोन वर्षांची पोर शेजारी आजोबांच्या मांडीवर. तो हात पुढे करी आणि लगेच उपरण्यानं तोंड पुसू लागे.

"घे की रं! मी तोंड फिरवतो," म्हणत म्हातारा खरंच भिंतीकडे वळला. सगळे हसले.

मान खाली घालून त्यानं पोर उचलली. ती किंचाळत आजोबांकडे झेपावली.

"बापालाच वळखंना की!" कुणीतरी टोमणा मारला.

मीच ओशाळले. "राहू द्या, ठेवा खाली."

"न्हाई बाई," तो पुटपुटला. "आता ठिवली तर पुन्हा धीर व्हायचा न्हाई."

कुणाकडे न बघता तो तिला थोपटत राहिला, बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसा. मी शिकवायला गेले नाही.