पाणी न नेणारे व्याही

पाण्याच्या बाबतीत आमच्या व्याह्यांइतका बेफिकीर माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हा जिल्हा तलावांचा आहे हे लक्षात घेऊन मी बोलते आहे. माझी एकुलती एक लेक करडीला दिली आहे. तिचे सासरे शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्तीनंतर माणसाने भजनात बसावं, धानाच्या बांध्या बघाव्यात, निदान लोकांच्या भांडणात पडावं. यांनी एकचाकी सायकल काढली. पुण्याला गेलेल्या कुणा जुन्या विद्यार्थ्याने ती गुरुदक्षिणा म्हणून पाठवली. तिला जाड दातेरी टायर, वर एक सीट, खाली दोन पायडल आणि बस्स. हँडल नाही, घंटी नाही, मागे कॅरिअर नाही. असल्या वस्तूवर बसून हा बासष्ट वर्षांचा गृहस्थ दोन्ही हात पसरून गावामागची पहाडी चढतो आणि दगडधोंड्यांतून, पळसाच्या झुडपांतून टणाटण उड्या मारत उतरतो. पहिल्यांदा त्यांना तसं उतरताना पाहिलं तेव्हा एका गुराख्याने हात जोडले होते म्हणतात. माझा त्यालाही आक्षेप नाही. ज्याची हाडं त्याची हौस. पण पहाडीवर ना विहीर ना हातपंप, आणि हा माणूस सोबत घोटभर पाणी नेत नाही!

मी बाजाराला निघाले तरी पिशवी, सुटे पैसे, छत्री आणि पाणी असं मनात मोजून निघते. मला हे कसं सहन व्हावं? मी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "इहीनबाई, एका चाकाले वजन सहन होत नाही. बाटलीतलं पानी डुलते, मंग मी डुलतो, मंग पहाडी डुलते. पोटातलं पानी कसं, आपल्या संगं वळते." आणि निघण्यापूर्वी उभ्या उभ्या दोन गडवे पाणी पिऊन उंटासारखे तृप्त होऊन जायचे. मी हार मानणारी नाही. कमरेच्या पट्ट्यात बसणाऱ्या दोन लहान बाटल्या दिल्या, तर एक आधी पिऊन टाकली आणि दुसरीच्या भाराने डावीकडे कलंडून तरोट्याच्या झुडपांत पडले. मग नागपूरहून पाठीवरची पाण्याची थैली मागवली, नळी थेट तोंडाशी येणारी. ती चार दिवस वापरली आणि खुंटीला टांगली. "पाठीवर लहान लेकरू घेतल्यासारखं वाटते," म्हणाले. शिवाय वाटेत धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बायकांपाशी थांबून त्यांचा अख्खा पाण्याचा कॅन रिकामा करतात आणि त्याच बायका मला सांगतात, "लय गोड मानूस आहे तुमचा इवाई!" गोड! आमचं पाणी कुणी असं संपवलं असतं तर?

माझ्या संतापावर ते मात्र एकच बाण सोडत. आमच्या घरची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही. माझ्या आईने पाळली, मीही पाळते. भंडाऱ्याहून करडीला जाताना माझी बाटली पिशवीत असतेच. लग्नाला सहा वर्षं झाली, बाटली बदलली, रीत नाही. मी ओसरीवर बसून बाटलीचं झाकण उघडलं, की शेजारच्या बाया एकमेकींकडे बघत आणि माझी लेक उगाच आत जाऊन भांडी लावत बसे. एकदा कुजबुजली, "आई, आतमधी येऊन पी नं. तू बाटली काढली का साऱ्या आळीले पुन्हा आठवते." रीत ती रीत. व्याही मात्र समोर बसून म्हणाले, "वा इहीनबाई! भरल्या घरी तुमी पानी घेऊन येता, अन् कोरड्या पहाडीवर मी न्यावं म्हनता!" मी त्या दिवशी चहाही न घेता उठले.

गेल्या वैशाखात मी करडीला होते. जावई धानाच्या गिरणीवर गेले होते. लेकीच्या फोनवर व्याह्यांचा आवाज आला, "पाय मुरगळला वं. मोहाच्या झाडाखाली बसलो आहो. पानी नाही जवळ. घसा सुकून राहिला. इहीनबाईलेही आन, त्याहिची बाटली असनच." आम्ही दोघी ऑटोने पायथ्याशी आणि तिथून पायी. ऊन असं, की दगड चप्पलमधून बोलत होते. घोटा खरंच वांग्याएवढा सुजला होता. मी बाटली पुढे केली आणि या माणसाने ती उलटी करून, तळाला टिचकी मारून, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. "मला नको का?" असं विचारण्याचीही सोय ठेवली नाही.

त्यांना दोघींनी धरून घरी आणेपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली होती. लेकीने दोन गडवे आणले. एक त्यांना दिला. दुसरा हातात धरून ती माझ्यासमोर नुसती उभी राहिली. पुढेही करेना, मागेही घेईना. शेजारच्या बाया कुंपणाशी आल्याच होत्या. व्याही म्हणाले, "तुमच्या वाटनीचं मी पेलो. आता आमचं घ्या, नाहीतर मले पचनार नाही." मी प्यायले. घटाघटा, सगळ्यांसमोर, तो गडवा आणि वर आणखी एक. लेक आत पळाली. या खेपेला भांड्यांचा आवाज आला नाही.

संध्याकाळी जावई पहाडीवरून एकचाकी घेऊन आले. झुडपात तिच्याशेजारी ठेवलेली पाठीवरची थैलीही आणली. मी ती खुंटीला लावायला उचलली. जड होती. गळ्यापर्यंत भरलेली, नळीचं टोपण न उघडलेलं. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

असल्या लबाड माणसाला काय म्हणावं? मी अजून त्यांना माफ केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते. लेकीला अजून मूल नाही, आणि मी करडीला बाटली न घेता जाते. त्यांचा घोटा मात्र नीट बरा झाला नाही. एकचाकी भिंतीला टेकलेली असते, चाकाच्या आऱ्यांत कोळ्याने जाळं विणलं आहे. परवा कुणी नसताना मी खुंटीवरची थैली उचलून पाहिली. कोरडी ठणठणीत. मी ती धुतली, माठातल्या पाण्याने काठोकाठ भरली आणि परत टांगली. ओसरीवरून आवाज आला, "इहीनबाई, कायले भरून राहिल्या? आता कोन जाते पहाडीवर?"

"असू द्या," मी म्हटलं, "पाणी जवळ असावं."