पंख सुटे केलेली विमानं

तळेगावात राहून मी रशियन दुभाषीचं काम करते. एरवी कारखान्यांत येणाऱ्या परदेशी इंजिनिअरांबरोबर असते. काही वर्षांपूर्वी मात्र लोणावळ्याच्या एका हॉटेलात वेगळ्याच कामासाठी बोलावणं आलं. युद्धात सापडलेल्या एका देशाच्या सरकारातल्या बाई आणि शेजारच्या तटस्थ देशाचे वयस्कर मुत्सद्दी तिथे गाजावाजा न करता भेटणार होते. देशांची नावं मी घरीही सांगितलेली नाहीत.

बाईंच्या देशाला मित्रराष्ट्राने लढाऊ विमानं देऊ केली होती, पण ती आणायची वाट या शेजाऱ्याच्या भूमीतून जात होती. बाई इंग्रजीत बोलत, मुत्सद्दी रशियनमध्ये.

"विमानं उडत येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "पंख सुटे करून रेल्वेने नेऊ. तुमच्या हद्दीत तो नुसता यंत्रांचा माल."

"हद्द ओलांडल्यावर जोडणारच ना? मग तुमच्या शत्रूचे बॉम्ब आमच्या रेल्वेवर पडतील."

बाई म्हणाल्या, "माझ्या मुलीची शाळा आता तळघरात भरते."

दुभाषी समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगतो. 'माझी मुलगी' म्हणताना माझीच मुलगी डोळ्यांपुढे आली. तीही तेव्हा शाळेत होती.

दुपारी मुत्सद्दी न जेवताच उठले आणि मला घेऊन गाडीने भुशी धरणाकडे निघाले. गाडीचे ड्रायव्हरभाऊ जवळच्या सुदुंबरे गावचे. त्यांनी आरशातून पाहिलं.

"मॅडम, आबा जेवलं न्हाईत का? कायतरी खावा म्हणावं त्यास्नी. उपाशीपोटी डोकं चालत न्हाई."

मी ते सांगितलं. मुत्सद्दी पहिल्यांदाच हसले, गाडी थांबवून भाजलेलं कणीस खाल्लं. मग म्हणाले, "तिच्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं. माझ्या जागी ती असती तर तिनेही नाहीच म्हटलं असतं. पण हे तिला सांगू नका. नकार गोड करून देऊ नये."

संध्याकाळी त्यांनी नकार दिला. जखमी आणि औषधं तेवढी जाऊ द्यायला ते तयार झाले. बाईंनी मान हलवली, माझे आभार मानले. कणीस खाताना झालेलं बोलणं ओठांवर आलं होतं, पण मी गप्प राहिले.

पुढे त्या रेल्वेने जखमी बाहेर काढल्याच्या बातम्या आल्या. विमानंही पोचली, दुसऱ्या लांबच्या वाटेने, फार उशिरा. त्या उशिरापायी तिथे काय काय गेलं, ते वाचायचं धाडस मला अजून झालेलं नाही.