बिनगाड्यांचं बेट

वीर स्टेशनवरून महाडला मी नेहमी एकाच रिक्षावाल्याच्या रिक्षातून येतो. माणूस चांगला, पण बोलतो ओरडून. सगळा जन्म इंजिनाच्या वर आवाज चढवण्यात गेलेला. शिवाय प्रत्येक वळणावर हॉर्न, समोर कुत्रंही नसलं तरी.

गेल्या थंडीत महाडचे आम्ही दहा-बारा जण एका बेटावर गेलो, त्यात तोही होता. तिथे एकही गाडी नाही. वाळू, माड आणि पायवाटा, बस्स. मी त्याच्या मागून चालत होतो. पायवाट वळली, की हॉर्न दाबावा तसा त्याचा अंगठा आपोआप हवेत दाबला जायचा. समुद्र दिसताच तो ओरडला, "गुरुजी, हितं आवाजच नाय!" किनाऱ्यावरची माणसं दचकून वळली. पुढचे तीन दिवस तो देवळात बोलावं तसा हळू बोलला.

परवा महाडला येताना नदीकाठी त्यानं रिक्षा थांबवून इंजिन बंद केलं.

"बंद पडली का रे?" मी वैतागलो.

"नाय, गुरुजी. ऐका."

तीस वर्षं मी त्या रस्त्यानं येतोय. आमच्या नदीला आवाज आहे, हे मला परवा कळलं.