अबोला असेल तर दोन खेपा

आधीच सांगतो, मी अमरावतीत शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझी स्कूटर मी मुद्दाम अमावस्येला विकत घेतली आहे. भूतखेत, भानामती या विषयांवर स्टाफरूममध्ये मी भल्याभल्यांना गप्प केलंय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

अमरावतीपासून तासाभरावर एका धरणाच्या पाण्यात छोटं बेट आहे. नाव सांगणार नाही, लोक लगेच रील काढायला जातील. धरणात गाव बुडालं, टेकडीवरची सहा घरं तेवढी राहिली. गाडी नाही, मोटरसायकल नाही, ये-जा फक्त डोंग्याने. शांतता इतकी की शेजारच्या घरात कोणी भाकरी थापली तरी ऐकू येते.

तिथे आमची आत्या राहते. गेल्या उन्हाळ्यात तिने मला आणि दादाला एकाच दिवशी जेवायला बोलावलं. दादा माझा थोरला भाऊ, वरूडला संत्र्याची बाग बघतो. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. बाबा गेले तेव्हा मी अजून प्रवासात होतो, आणि या माणसाने माझी वाट न बघता अग्नी देऊन टाकला. बाबांचं तोंडही मला दिसलं नाही.

डोंगा सोडण्याआधी नावाड्याने विचारलं, "तुमी दोघं भाऊ बोलता ना एकमेकासंग? अबोला असन तं दोन खेपा करतो."

"काहून?" दादाने विचारलं.

"अबोलेवाले एका डोंग्यात नेत नाई आमी. पयल्यापासून तसंच हाय."

घरातलं भांडण नावाड्याला कोण सांगणार? आम्ही मास्तर आणि बागायतदार, आम्हाला आमची इज्जत. "बोलतो ना," मी हसून म्हणालो. दादानेही मान हलवली. दोन वर्षांत आमचं एकमत झालं ते एवढंच.

दुपारी बाराचं लख्ख ऊन. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती, मी तिच्या शेजारी. दादा खाली वीसेक पावलांवर, पाण्याकाठी पाय धूत होता. त्याच्या आसपास कोणी नव्हतं.

थप्पड आधी ऐकू आली. दादाची मान गर्रकन फिरली, चष्मा उडून दगडावर फुटला. तो सावरतो न सावरतो तोच पाठीत काहीतरी बसलं आणि तो गुडघ्यांवर आपटला. मग त्याचे केस ताणले गेले — कोणीतरी मुठीत धरल्यासारखे — आणि तोंड दगडावर आदळलं. एकदा, दोनदा. ओठ फाटला, रक्त पाण्यात उतरलं.

"अरे, त्याले कोन मारून राह्यलं?" आत्याच्या हातातलं सूप पडलं.

मी जागचा हललो नाही. कारण थप्पड, मग लाथ, मग केस धरून तोंड दगडावर... दोन वर्षं शाळेत जाता-येता स्कूटरवर मी मनातल्या मनात दादाला याच क्रमाने मारत होतो.

मग त्याची मान पाण्याखाली गेली. पाय झाडत होता. हे मात्र माझ्या मनात कधीच नव्हतं, आईशप्पथ. मी ओरडलो, "दादा!" आणि धावलो.

मान लगेच सुटली. मी त्याला बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या मानेवर बोटांचे वळ होते.

अमरावतीत डॉक्टरने विचारलं, कोणी मारलं? दादा म्हणाला, "पडलो." दोन दात गेले, जबड्याला तार लावावी लागली. तार निघाल्यावर एक दिवस माझ्या घरी चहा पिताना तो म्हणाला, "तूच होता."

मी आत्याला फोन लावून त्याच्या हातात दिला. "तो तं माह्याजवळ बसून होता रे," आत्या म्हणाली. दादाने सगळं ऐकून घेतलं.

"असन," तो म्हणाला. "पन म्या पायलं तुले. मारता मारता तू रडून राह्यला होता. म्हनून म्या हात उचलला नाई."

आता आम्ही बोलतो. त्या दुपारी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही, आणि वर्गात भानामतीचा विषय निघाला की मी पुढचा धडा काढतो. पण एक गोष्ट मला नीट ठाऊक आहे, ती दादाला अजून सांगितलेली नाही. माझा आवाज बंद झाला नव्हता. पहिल्या थपडेलाच मी हाक मारू शकलो असतो. मारली नाही, कारण मला बरं वाटत होतं.