नर चावतो म्हणून

नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सोफा काढून गोड्या पाण्यातल्या स्टिंग रे माशांची टाकी बसवली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पाहुणे आता टाकीत बसतील." ताटलीसारखे चपटे, शेपटीत विषारी काटा असलेले हे मासे. एक नर आणि एक मादी. त्यांना पिल्लं व्हावीत म्हणून मी वर्षभर पाणी तपासलं, खाणं बदललं, हीटरसुद्धा नवा आणला. काही होईना.

एके दुपारी ऑफिसातून लवकर आलो, तर टाकीच्या मधोमध जुन्या कूलरची जाळी उभी. अलीकडे नर, पलीकडे मादी. आई शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. "तो तिला चावतो," ती म्हणाली. "कडा बघ कशा कुरतडल्यात. तू गेलास की मी रोज दोघांना वेगळं बसवते, आणि तू यायच्या आत जाळी काढते."

चावून धरल्याशिवाय या माशांचं जमतच नाही, हे आईला कसं सांगायचं? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं. तिनं जाळी काढली आणि आपली जुनी साडी आणून टाकीवर पसरली. "मग यांना हॉलमध्ये कशाला ठेवलंस?"

चारेक महिन्यांनी पाच पिल्लं झाली. आईनं मजलाभर पेढे वाटले. नराला मात्र ती अजूनही सगळ्यात शेवटी खायला घालते, तेही तोंड फिरवून.