वन्संच्या कपड्यांची शिवण

मसूर अर्धीच निवडून झाली होती. ताटाच्या एका कडेला निवडलेली, दुसऱ्या कडेला तशीच, आणि मधे टेलरबाईंची बोटं अडून बसलेली. खडा कुठला आणि दाणा कुठला हे बोटांना उमगेना. बरेच दिवस हेच चाललं होतं. बोटांची टोकं बधिर, तळपायांची आग. सुई टोचली तरी कापडावर लाल ठिपका दिसेपर्यंत पत्ता लागायचा नाही.

हे त्यांनी फक्त देवाच्या कानावर घातलं होतं. माणसांत बोलल्या असत्या तर वन्संना कळलं असतं, आणि त्यापेक्षा बोटं गळून पडलेली परवडली असती.

वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण. ताकदीच्या पावडरी आणि गोळ्या घरोघर विकायच्या. घरात भिंतभर डबे. टेलरबाईंचा सगळा भरवसा मात्र चुलीवर. कडधान्यं, पालेभाज्या, फळं, हातसडीचा तांदूळ. कोंडासुद्धा चाळून टाकायच्या नाहीत.

नवरा हृदयाच्या जन्मजात दुखण्याने गेला. आणि अजून त्याच्या अंगावरची चादर कुणी नीट केली नव्हती, तोच वन्सं दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पाला खाऊ घातलास गं माझ्या भावाला! माझा एक डबा घरात येऊ दिला असतास, तर आज उठून बसला असता."

नातेवाईक जमिनीकडे बघत राहिले. "नाही" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

त्या दिवशी टेलरबाईंनी देवापुढे दूध-दही सोडलं आणि दोन गोष्टी मागितल्या. नवऱ्याला सद्गती, आणि वन्संना हा शब्द गिळायला लावायची एक संधी. पहिलीचं काय झालं ते देवाला ठाऊक. दुसरी वन्संनी स्वतःच आणून दिली.

तीनेक वर्षांनी त्या कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात हजर. जणू काही घडलंच नव्हतं.

"हुक तुटलेत, शिवणी उसवल्यात. घरात टेलर असताना बाहेर कशाला जाऊ मी?"

"ठेवा ना वन्सं. तुमचंच घर आहे," टेलरबाई गोड बोलल्या.

गिऱ्हाइकांपुढे वन्संचं एक पालुपद असायचं. "वजनकाट्यावर चढू नका, काटा फसवतो. कपडा बघा! कपडा कधी खोटं बोलत नाही." हे टेलरबाईंनी कितीदा तरी ऐकलं होतं. हुक लावता लावता त्यांनी दोन्ही कुशींची शिवण दोराभर आत घेतली. जास्त नाही. जुनी शिवण उसवली, तिच्या खुणा इस्त्रीने बुजवल्या, नवी घातली. पुढच्या खेपेला आणखी दोराभर.

वन्संना कपडे दाटू लागले. अंग सुटलं असं समजून त्यांनी आधी रात्रीचं जेवण सोडलं आणि पावडर कालवून पिऊ लागल्या. मग सकाळचंही सोडलं. "जीवनसत्त्वं सगळी डब्यात आहेत. जेवण म्हणजे नुसती सवय," असं गल्लीभर सांगत सुटल्या. टेलरबाई देवाचं नाव घेत मशीन चालवायच्या आणि शिवण आवळायच्या. वन्संच्या अंगावरच टाके घातल्यासारखं समाधान वाटायचं. खोटं कशाला सांगायचं, त्या दिवसांत त्यांना जेवण फार गोड लागे.

तर मसुरीचं ताट पुढ्यात असताना वन्सं आत आल्या. अंगात हिरवा ड्रेस, चेहरा पांढराफटक.

"अगं, हाही होईना! माप घे नीट. काय खाते मी? वारा?"

टेलरबाईंनी टेप कमरेभोवती टाकला. टेपवरचा आकडा बघून त्याच चपापल्या. कापडाखाली बरगड्या मोजता आल्या असत्या. दोरा दोरा करत आपण किती आवळलं ते त्यांनी मोजलंच नव्हतं. बाकीचं वन्संनी स्वतःच केलं होतं. तेवढ्यात वन्सं टेपसकट खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. शेजाऱ्यांना हाक मारून त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं. "पाठीचे हुक काढा जरा," त्या म्हणाल्या. टेलरबाईंच्या बोटांना एकही हुक सापडेना. डॉक्टरीणबाईंनी ती बोटं हातात घेतली, टाचणीने टोचून बघितली आणि त्यांचंही रक्त घेतलं.

दोन दिवसांनी दोघींना एकदमच बोलावणं आलं. एका बाकावर, मधे पर्स ठेवून, दोघी बसल्या. वन्संच्या अंगात तोच हिरवा ड्रेस, बाकीचे कपडे टेलरबाईंकडे गाठोड्यात होते.

"बाई, तुमचं जेवण उत्तम आहे," डॉक्टरीणबाई आधी टेलरबाईंना म्हणाल्या. वन्संकडे न बघताही त्यांचं तोंड कसं झालं असेल ते टेलरबाईंना दिसलं. "पण बी-बारा संपलंय. दूध, दही, अंडं, मांस, काहीच पोटात जात नाही ना? मग ते येणार कुठून? धान्यात नि भाजीत ते नसतं. आधी इंजेक्शनं, पुढे गोळी. ही घ्यावीच लागेल."

"म्हणजे गोळी लागतेच!" वन्संनी मांडीवर थाप मारली. "मी काय सांगत होते जन्मभर?"

टेलरबाईंचे कान तापले. पाला खाऊ घातलास, हे पुन्हा त्याच आवाजात ऐकू आलं.

"एक गोळी, तीही तपासून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भिंतभर डबे नाहीत. तुम्ही उभ्या राहा काट्यावर."

"काटा फसवतो. माझं वजन वाढलंय, कपडेच सांगतात की."

"चढा."

वन्सं चढल्या. आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हाडं राहिलीत! जेवणात राहिलेलं भोक गोळीने बुजतं. जेवणच सोडलंत तर गोळी कशाला चिकटणार? आजपासून ताटावर बसा."

वन्सं काट्यावरून उतरल्या नाहीत. त्यांनी हिरव्या ड्रेसची कड उलटी केली. आत नव्या दोऱ्याची शिवण, आणि तिच्या बाहेर जादा कापडाची रुंद पट्टी. मग त्यांनी मान वर केली.

बाहेर पायरीवर वन्सं थांबल्या.

"तू आवळलेस."

"हो."

"माझा जीव गेला असता!"

"गेला असता तर मी दवाखान्यात उभी राहून सगळ्यांदेखत म्हटलं असतं, पावडर पाजून मारलं हो बाईला." टेलरबाईंचा आवाज चढला नाही. "तसं ऐकायला कसं वाटतं, ते एकदा कळायला हवं होतं तुम्हाला."

वन्सं पायरीवर टेकल्या. मग पुटपुटल्या, "तो पाल्याने नव्हता गेला. ठाऊक होतं मला. तेव्हाही."

"मोठ्याने."

"रस्ता आहे गं..."

"तेव्हा दवाखाना होता."

वन्सं मोठ्याने बोलल्या. औषधाच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. टेलरबाईंना वाटलं होतं, आता छाती हलकी होईल. झाली, पण ठरवली होती तेवढी नाही. टेपवरचा तो आकडा डोळ्यांपुढून हलेना.

"घरी चला," त्या म्हणाल्या. "मसूर निवडून द्या. माझ्या बोटांना खडे कळत नाहीत. आणि जेवूनच जा."

वन्संनी मसूर निवडली, वाढलेलं सगळं खाल्लं, वर आणखी मागितलं. टेलरबाईंनी देवाला हात जोडले. दुधाचा शब्द परत घेतला नाही. गोळीचं मात्र सांगून टाकलं. मग गाठोडं सोडलं. सगळे कपडे सैल करायचे ठरले. वन्संना आपली साडी नेसायला देऊन हिरवा ड्रेस तेवढा त्यांनी घडी करून बाजूला ठेवला. तो तसाच राहणार होता, दोघींनी काय केलं ते विसरू नये म्हणून.

"हा नाही?" वन्संनी विचारलं.

"हा नाही."

पेटीत वरच्या निळ्या कपड्याच्या रंगाचा दोरा नव्हता. टेलरबाईंनी पायात चपला सरकवल्या. आधी दवाखान्यात इंजेक्शन घ्यायचं होतं, आणि येताना निळ्या दोऱ्याचं रीळ आणायचं होतं.